बर्लिनचे पांढरे कोफ्ते

युरोपच्या आजच्या नकाशावर क्योनिग्सबर्ग नावाचे शहर शोधून सापडणार नाही. पण जर्मनीत कुणालाही 'क्योनिग्सबर्गर क्लोप्स' म्हणजे काय ते विचारा, शाळकरी मूलसुद्धा सांगेल. पांढऱ्या रश्श्यातले खिम्याचे गोळे, त्यात आंबट-खारट हिरव्या कळ्या आणि शेजारी उकडलेले बटाटे. आपल्या भाषेत सांगायचे तर पांढरे कोफ्ते. थंडीच्या दिवसांतले, पोटभरीचे, रोटीऐवजी बटाट्याशी खायचे सालन.

गणित शिकवणाऱ्यांना हे गाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. प्रेगेल नदी, तिच्यावरचे सात पूल आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून गावाची फेरी पुरी करता येईल का, हे कोडे. १७३६ मध्ये ऑयलरने ते जमणार नाही असे सिद्ध केले आणि त्यातून गणिताची एक नवी शाखा निघाली. आमच्या शाळेतले गणिताचे सर दरवर्षी ते पूल फळ्यावर काढतात. आम्ही भाषा शिकवणारे, त्यामुळे वर्गाच्या दारातून जाता-येता जेवढे दिसले तेवढेच आमचे ज्ञान. या गावाची खरी ओळख झाली ती बर्लिनमध्ये, आमच्या पुतणीच्या स्वयंपाकघरात, तिच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका जर्मन बाईंमुळे.

२०२२ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीला शिल्लक रजा जोडून आम्ही दोघे तिच्याकडे वीस दिवस राहिलो. पुतणी आणि आमचे जावई बर्लिनच्या न्यॉइकोल्न भागात राहतात. तिथला झोनेनआले हा लांबलचक रस्ता म्हणजे निम्मा अरबस्तानच. मिठाईच्या परातींवर पिस्त्याचा हिरवा भुगा, फलाफलच्या कढया, अत्तरे, अबाये, पाट्यांवर जर्मनपेक्षा अरबी जास्त. लोक त्याला 'शारे अल-अरब', म्हणजे अरबांचा रस्ता, असेच म्हणतात. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला, तेव्हापासून तुर्की कुटुंबे येत गेली. लेबनॉनमधल्या यादवीतून पळालेले लोक पुढे आले, आणि २०१५ च्या आसपास सीरियाचे. याच भागात रिक्सडॉर्फ नावाची जुनी वस्ती आहे. बोहेमियातून धर्मापायी परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबांना १७३७ मध्ये प्रशियाच्या राजाने इथे जागा दिली होती. म्हणजे परक्या मुलखातून जीव घेऊन आलेल्यांनी चूल मांडायची, हा या मोहल्ल्याचा रिवाज तीनशे वर्षांचा म्हणायला हरकत नाही.

डिसेंबरात तिथे दिवस किती लहान, हे नमाज पढणाऱ्यालाच खरे कळते. सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. जोहर होते न होते तोच असर, आणि असरनंतरचा चहा संपेपर्यंत मगरिब. बाजारहाट, स्वयंपाक, मुलांना शाळेतून आणणे, सगळे या तीन नमाजांच्या फटींत बसवावे लागते. पहिले चार दिवस आम्ही घड्याळाकडे बघण्यातच घालवले.

पुतणीचा मुलगा दहा वर्षांचा, बर्लिनमध्येच जन्मलेला, चौथीत शिकणारा. बर्लिनमध्ये २०१९ पासून पहिली ते सहावीच्या मुलांना दुपारचे जेवण शाळेत मोफत मिळते. आपल्याकडच्या पोषण आहाराची आठवण होऊन आम्ही साहजिकच चौकशी सुरू केली. काय काय असते, कोण वाढते, मुले एका मेजावर बसतात का. पोरगा मोकळेपणाने सांगत होता. डुकराचे मांस शाळेत नसते, पण बाकीचे मांस हलाल नसते, म्हणून तो शाकाहारी रांगेत उभा राहतो. पास्ता, भाज्यांचे सूप, पालक आणि अंडे. तक्रार काही नाही.

"फक्त क्लोप्सच्या दिवशी," तो म्हणाला, "सगळे दुसऱ्या रांगेत असतात. रस्सासुद्धा चालत नाही, तो मांसाच्या पाण्यातच शिजवतात ना. कसे लागतात ते मला माहीतच नाही."

एवढे बोलून तो उठून गेला. त्याची आई गप्प राहिली. वर्गात बाविसावे मूल एकटे दुसऱ्या रांगेत उभे राहते तेव्हा ते रडत नाही, कुणाला काही सांगतही नाही. आम्ही वीस वर्षे शाळेत आहोत, असली मुले आम्हाला पाठमोरी ओळखू येतात.

आता खालच्या मजल्यावरच्या बाई. मुले त्यांना 'ओमा' म्हणतात, म्हणजे आजी. पुतणी लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हा जिन्यात पहिली विचारपूस त्यांनी केली. मुलगा झाला तेव्हा लोकरीचे मोजे विणून आणले. ईदला शीरखुर्म्याची वाटी खाली जाते, नाताळात बिस्किटांचा डबा वर येतो. त्यात चरबी कसली, मद्यार्क आहे का, हे ओमा स्वतःच चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवतात. एकदा मात्र त्या मोठ्या हौसेने आपले क्लोप्स घेऊन वर आल्या होत्या. खिमा निम्मा गायीचा, निम्मा डुकराचा. जर्मन दुकानात असा मिश्र खिमा सर्रास मिळतो, 'हाल्ब उंट हाल्ब', अर्धा-अर्धा. पुतणीने नीट समजावून सांगितले. ओमांनी मान डोलावली, भांडे परत नेले आणि पुढे सात वर्षे तो विषय काढला नाही. पुतणी म्हणते, चाची, नाही म्हणताना काही वाटले नाही, हुकूमच आहे तो. पण जिना उतरताना त्यांची पाठ बघवली नाही.

आमच्या मुक्कामातच कळले की ओमा मार्चमध्ये वृद्धाश्रमात जाणार आहेत. हात थरथरतात, जिने झेपत नाहीत, मोठे पातेले उचलवत नाही. मग पुतणीनेच ठरवले. क्लोप्स आपल्या चुलीवर करायचे, मांस आपल्या खाटकाचे, आणि ओमांनी खुर्चीत बसून सांगायचे. ती विचारायला खाली गेली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला म्हणे, "कळ्या किती आणणार?"

करण्याच्या आधी या सालनाची थोडी हकीकत सांगायला हवी.

क्योनिग्सबर्ग ही पूर्व प्रशियाची राजधानी, बाल्टिक समुद्राजवळचे बंदर. १२५५ मध्ये वसलेले. तत्त्वज्ञ कांट इथेच १७२४ मध्ये जन्मला आणि १८०४ मध्ये इथेच वारला. साऱ्या जगाचा विचार करणारा हा माणूस गाव सोडून लांब कधी गेला नाही. एकट्याने जेवणे तत्त्वज्ञाच्या प्रकृतीला बरे नाही, असे त्याचे मत होते आणि रोजच्या दुपारच्या जेवणाला तो पाहुणे बोलावी. पाहुण्याशिवाय न जेवण्याची रीत आपल्याकडे हजरत इब्राहीम (अलै.) यांच्याबद्दल सांगतात, म्हणून ही गोष्ट आमच्या लक्षात राहिली.

ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी शहराचा मध्यभाग जाळला. एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत फौजांनी ते घेतले. पोट्सडॅमच्या परिषदेत तो मुलूख रशियाकडे गेला, १९४६ मध्ये नाव बदलून कालिनिनग्राड झाले आणि उरलेल्या जर्मन लोकांना पुढच्या दोन-तीन वर्षांत बाहेर काढण्यात आले. रशियातून नवी माणसे आली. आज ते पोलंड आणि लिथुआनिया यांच्यामध्ये अडकलेला रशियाचा एक सुटा तुकडा आहे. गंमत अशी की कालिनिनग्राडच्या हॉटेलांत आता हेच क्लोप्स गावची खासियत म्हणून पाहुण्यांना खाऊ घालतात.

ओमा तेव्हा सहा वर्षांच्या. जानेवारी १९४५, बर्फ, वडील लढाईवर. आई दोन मुलींना घेऊन पिलाऊ बंदरापर्यंत गेली आणि एका जहाजावर चढली. जहाज डेन्मार्कला गेले. तिथे सुमारे अडीच लाख जर्मन निर्वासित काटेरी तारांच्या छावण्यांत राहत होते, काही तर १९४९ पर्यंत. घरातून काय आणले होते असे आम्ही विचारले, तर ओमा म्हणाल्या, कपडे, एक ब्लँकेट आणि आईला तोंडपाठ असलेला स्वयंपाक. छावणीत मांस बघायलाही मिळत नसे. आई रात्री मुलींना झोपवताना क्लोप्स कसे करायचे ते सांगायची, पाणी केव्हा ठेवायचे इथपासून. गोष्टीसारखे.

आम्हाला हैदराबादची कराची बेकरी आठवली. फाळणीत सिंधमधून आलेल्या एका कुटुंबाने ती काढली आणि सुटलेल्या गावाचे नाव दुकानाला दिले. आज उस्मानिया बिस्किटे घेणाऱ्या किती जणांच्या मनात ते येते? आणि तिकडे कराचीत आमचे जे नातेवाईक आहेत, त्यांच्या घरी लग्नात अजून औरंगाबादी नान-खलिया करतात. तिसऱ्या पिढीने औरंगाबाद पाहिलेले नाही.

ओमांनी सांगितले म्हणून आम्ही एका सकाळी शहराच्या मध्यभागी विस्थापितांचे दस्तऐवज केंद्र पाहून आलो. २०२१ मध्ये उघडलेले हे संग्रहालय जुन्या आनहाल्टर स्टेशनाजवळ आहे. स्टेशनाची आता फक्त दर्शनी भिंत उभी आहे. युद्धाच्या शेवटी आणि नंतर पूर्वेकडून पळालेले आणि हाकललेले जर्मन लोक एक कोटी वीस लाखांच्या वर होते. लोकांनी पळताना उचललेल्या साध्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. पण ते दालन बघताना एक गोष्ट विसरता येत नाही, आणि संग्रहालयही ती विसरू देत नाही. युद्ध जर्मनीनेच सुरू केले होते. याच आनहाल्टर स्टेशनातून बर्लिनच्या ज्यू लोकांना गाड्यांत भरून छळछावणीकडे पाठवले गेले. क्योनिग्सबर्गचे मोठे सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत जळाले, म्हणजे ओमांच्या जन्मानंतर काही आठवड्यांतच. ओमा हे स्वतःहून सांगतात. आपल्या आईचे दुःख सांगताना त्या आधी ते सांगतात. ही सवय आपल्याही बैठकीत यावी असे आम्हाला वाटून गेले. आपल्यावर झालेले आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजतो.

संध्याकाळी पुतणीबरोबर खाटकाकडे गेलो. जर्मनीत भूल न देता जनावर कापायला कायद्याने मनाई आहे, धार्मिक गटांना खास परवानगी मागता येते. एका तुर्की मुस्लिम खाटकाने ही परवानगी नाकारल्याबद्दल दाद मागितली आणि १५ जानेवारी २००२ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. पण त्याच वर्षी प्राण्यांचे संरक्षण हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून राज्यघटनेत आले, त्यामुळे परवानगी मिळणे पुढेही सोपे राहिले नाही. 'हेलाल' अशी पाटी असली तरी आत काय पद्धत आहे, जनावराला आधी विजेचा सौम्य झटका देतात का, मांस कुठून येते, हे घराघरांत चर्चेचे विषय आहेत आणि उलेमांची मतेही एक नाहीत. आमच्या जावयांनी दोन-तीन दुकानांत प्रत्यक्ष विचारून एक ठरवले आहे. इकडे आपण मोहल्ल्यातल्या कुरैशींच्या दुकानात डोळे मिटून पिशवी पुढे करतो. ही केवढी सोय आहे, ते तिथे गेल्यावर कळते.

खाटिक तुर्की, तिसऱ्या पिढीचा. वासराचा खिमा, दोनदा यंत्रातून काढलेला, एक किलो मागितला तेव्हा त्याने कशासाठी म्हणून विचारले. पुतणीने क्लोप्स म्हणताच तो हसला आणि म्हणाला, हे तर आमचे 'तेर्बियेली क्योफ्ते'. तुर्की लोक कोफ्त्याच्या पातळ रश्श्याला अंड्याचा बलक आणि लिंबू लावून आळतात, त्या मिश्रणाला ते 'तेर्बिये' म्हणतात. तेर्बिये म्हणजे आपली तर्बियत! तुर्की भाषेत मुलाच्या संगोपनाला आणि सालन आळण्याला एकच शब्द. उर्दू शिकवणाऱ्याला याहून मोठी भेट काय द्यायची? कोफ्ता हा शब्द फारसी 'कोफ्तन', म्हणजे कुटणे, यावरून आला. जर्मन क्लोप्सचेही नाते काही जण त्यांच्या 'क्लॉप्फन', ठोकणे, या क्रियापदाशी जोडतात. घरी येईपर्यंत आम्ही याच विषयावर बोलत होतो आणि थंडीने कान बधिर झाल्याचे कुणाच्या लक्षात आले नाही.

कळ्या तुर्की दुकानातच मिळाल्या. तुर्कीत 'कापारी', अरबीत 'कबर'. ही एका काटेरी झुडपाची न उमललेली फुले, मिठात किंवा सिरक्यात मुरवलेली. आपल्याकडे आषाढात वाघाट्याची भाजी करतात, ती वाघाटी या झुडपाची सख्खी बहीण आणि मराठवाड्यातली नेपती दुसरी. आपण फळे खातो, ते कळ्या खातात. सिरका कशाचा, यावर घरात थोडी चर्चा झाली. सिरका प्रेषितांना (सल्ल.) आवडे, हे सर्वांना माहीत, पण वाइनपासून मुद्दाम केलेल्या सिरक्याबद्दल मतभेद आहेत. शेवटी मिठाच्या पाण्यातल्या कळ्यांची बरणी घेतली आणि विषय मिटला.

शनिवारी जोहरनंतर ओमा वर आल्या. जावयांनी त्यांना हात देऊन आणले, स्वयंपाकघरात खिडकीपाशी खुर्ची ठेवली. पोरगा त्यांचा उजवा हात.

आधी शिळे पाव. दोन छोटे पाव दुधात भिजवून घट्ट पिळायचे. एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून लोण्यात मऊ करायचा, लाल होऊ द्यायचा नाही. किलोभर खिम्यात हे दोन्ही, दोन अंडी, मीठ, पांढऱ्या मिरीची पूड आणि लिंबाची थोडी किसलेली साल. मग आला मासा. आपल्या मांदेलीच्या कुळातला एक छोटा मासा तिकडे मिठात मुरवून बाटलीत भरतात. त्याच्या चार-पाच फाका चिरून, जवळजवळ वाटूनच, खिम्यात जातात. आमच्या चेहऱ्यावरचे भाव बघून पुतणी हसायला लागली. मासा आणि दूध एका जेवणात नको, हे आपल्या घरांतले जुने हकिमी पथ्य, आणि इथे एकाच पातेल्यात मासा, दूध, लोणी आणि पुढे मलई! ओमांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्याकडे सगळे खाऊनही लोक नव्वदीपर्यंत जगत. माशाचा वास नंतर राहत नाही हे खरे, चवीला फक्त खोली येते.

मळायचे किती, यावर ओमांचा कटाक्ष. आपण कोफ्ते घट्ट मळतो, त्यात भाजलेल्या फुटाण्याची पूड, खसखस घालतो. इथे हात हलका हवा. मोठ्या लिंबाएवढे गोळे, ओल्या हाताने. पोरग्याने पहिले चार केले ते क्रिकेटच्या चेंडूएवढे. ओमांनी ते मोडून पुन्हा करायला लावले, काही न बोलता, फक्त बोटाने दाखवून. चांगल्या शिक्षिका झाल्या असत्या.

दुसरीकडे दोन लिटर पाणी, मीठ, लवंगा टोचलेला अर्धा कांदा, काळी मिरी, युरोपी तमालपत्र (हे आपल्या तमालपत्राहून वेगळे, वासाला उग्र) आणि ऑलस्पाइसचे सहा-सात दाणे. मिरीपेक्षा थोडा मोठा हा दाणा चावला तर लवंग, दालचिनी, जायफळ एकदमच तोंडात आल्यासारखे वाटते. पाण्याला उकळी आली की आच कमी करायची आणि पाणी नुसते थरथरत असताना गोळे सोडायचे. पंधरा मिनिटे. खळखळून उकळले तर गोळे फुटतात. तळणे नाही, भाजणे नाही, हळद-तिखटाचा प्रश्नच नाही. मटणाला रंग आल्याशिवाय ते शिजले असे आम्हाला वाटत नाही, त्यामुळे पातेल्यातले ते फिकट गोळे बघून मन साशंक झाले होते. मग काश्मीरचा गुश्ताबा आठवला, तोही दह्याच्या पांढऱ्या रश्श्यातलाच, आणि थोडा धीर आला.

असरची नमाज मध्ये झाली. आम्ही आतल्या खोलीत असताना ओमांनी पोरग्याकडून बटाटे सोलून घेतले.

रस्सा हे खरे काम. गोळे काढून पाणी गाळून घेतले. साठ ग्रॅम लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परतला, पांढराच ठेवला. त्यात गाळलेले पाणी, साधारण पाऊण लिटर, थोडे थोडे घालत घोटले, गुठळी होऊ दिली नाही. दहा मिनिटे शिजल्यावर एक पेला मलई. मग कळ्या, भरपूर. चार मोठे चमचे सांगून ओमांनी सहा घालायला लावले, वर बरणीतले खारे पाणीही थोडे. चिमूटभर साखर.

इथे बऱ्याच पुस्तकांत पांढरी वाइन सांगितलेली असते. पुतणीने हळूच विचारले, तिच्याऐवजी लिंबू चालेल ना? ओमा म्हणाल्या, "वाइन हॉटेलवाल्यांची. माझी आई लिंबूच पिळायची." आणि खिमा? जुनी रीत वासराचीच, असे त्या म्हणाल्या. अर्धा-अर्धा हा नंतरच्या टंचाईतला आणि स्वस्ताईतला प्रकार, त्यांनाही तीच सवय लागून गेली होती. म्हणजे आमच्या हलाल पातेल्यात जे शिजत होते ते त्यांच्या आईच्या पद्धतीच्या अधिक जवळ होते. हे ऐकल्यावर पुतणी काही वेळ चमचा हलवायचीच विसरली.

शेवटी गॅस बंद करून दोन अंड्यांचे बलक थोड्या रश्श्यात फेटून पातेल्यात सोडले. यानंतर उकळी द्यायची नाही, नाहीतर बलक फाटतो. गोळे परत आत. बिस्मिल्लाह म्हणून पोरग्यानेच झाकण ठेवले.

मगरिब पढून दस्तरखान मेजावरच घातला. ओमांना खाली बसवत नाही. उकडलेले बटाटे, किसलेले बीट, आणि आमच्या समाधानासाठी पुतणीने बाजूला लिंबाचे लोणचे ठेवले होते. रस्सा तोंडात गेला तेव्हा आधी मऊ, दुधाळ काहीतरी, आणि मग मध्येच कळी फुटते, आंबट आणि खारट. ज्यांच्या जिभा तिखटावर वाढल्या त्यांना दोन घास लागतात. तिसऱ्या घासाला आम्ही लोणचे बाजूला सारले.

ओमांनी एक गोळा काट्याने मोडून बराच वेळ चघळला. सगळे बघत होते. "मीठ थोडे कमी," त्या म्हणाल्या आणि आणखी दोन घेतले. नंतर बोलत राहिल्या. त्यांची बहीण लग्नानंतर पूर्व बर्लिनमध्ये राहिली. याच झोनेनआलेच्या दुसऱ्या टोकाला भिंत होती, नाका होता. पूर्व जर्मनीत सोव्हिएत मित्रांना खुपेल म्हणून 'क्योनिग्सबर्ग' हे नाव घ्यायची चोरी. तिथल्या उपाहारगृहांच्या यादीत हेच सालन 'कोखक्लोप्स', म्हणजे उकडलेले गोळे, म्हणून असायचे. बहीण भिंतीपलीकडे उकडलेले गोळे खायची, या अलीकडे क्योनिग्सबर्गचे. दोघी आईचेच खात होत्या.

पोरगा पाच गोळे खाऊन थांबला. त्याला विचारले, कसे आहेत? शाळेतल्यापेक्षा चांगले असणार, असे म्हणाला. मग स्वतःच्याच बोलण्यावर हसला, कारण शाळेतले त्याने खाल्लेलेच नव्हते.

परत आल्यावर आम्ही घरी मटणाच्या खिम्याचे केले. तिकडून आणलेली कळ्यांची बरणी होती, मासा वगळला, बाकी सगळे तसेच. बोकडाच्या खिम्याला किंचित जास्त वेळ लागतो आणि पाव थोडा कमी पुरतो, एवढेच सांगण्यासारखे. मुलांना आवडले. अम्मींनी एक घास घेतला, पेशंटसाठी केले आहे का म्हणून विचारले, आणि आपल्या वाटीवर लसूण-लाल मिरचीची फोडणी ओतून घेतली. तेही वाईट लागत नाही, खोटे कशाला बोला.

ओमा मार्चमध्ये वृद्धाश्रमात गेल्या. तिथे दर पंधरवड्याला क्लोप्स असतात, पण कळ्या मोजून घालतात अशी त्यांची तक्रार आहे. पुतणी जमेल त्या रविवारी डबा नेते. आदल्या रात्री फोन येतो, खिम्याबद्दल त्या काही बोलत नाहीत, बरणीत कळ्या किती उरल्यात तेवढे विचारतात.